मेम्ससाठी शाखा निवडताना

महोदय,

अभियांत्रिकी प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की ओळखीचे पालक सल्ल्यासाठी येतात. यंदा दोघांनी एकच प्रश्न विचारला : मुलीला सेन्सरच्या क्षेत्रात जायचे आहे, तर नावात ‘व्हीएलएसआय’ (एका चिपवर लाखो ट्रान्झिस्टर बसवण्याचे तंत्र) असलेलीच शाखा घ्यावी ना? केंद्र सरकारने डिसेंबर 2021 मध्ये 76,000 कोटी रुपयांची सेमीकंडक्टर योजना मंजूर केली आणि तीत मेम्स सेन्सरच्या कारखान्यांनाही स्थान दिले, तेव्हापासून हा ओढा वाढला आहे. ती शाखा वाईट मुळीच नाही. परंतु मेम्स म्हणजे हलणारे भाग असलेली सिलिकॉनची चिप, हे या गडबडीत विसरले जाते.

फोन आडवा केल्यावर पडदा फिरतो, तो आत स्प्रिंगांवर टांगलेला सिलिकॉनचा तुकडा किंचित सरकल्यामुळे; त्याच्या कंगव्यासारख्या दातांमधली एक-दोन मायक्रॉनची फट बदलते आणि तिच्याबरोबर कपॅसिटन्सही, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमताही. स्प्रिंग म्हणजे इथे सिलिकॉनची बारीक पट्टी; पट्टीची जाडी निम्मी केली तर तिची ताठरता आठव्या हिश्शावर येते, हे मेकॅनिकलच्या मुलांना सांगावे लागत नाही. तो इवलासा विद्युत बदल गोंगाटातून वेगळा काढणे इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना जमते. आणि खालचा ऑक्साइडचा थर आम्लाने विरघळवून मोकळी केलेली पट्टी, धुतल्यानंतरचे पाणी वाळताना पृष्ठताणाने खाली ओढली जाऊन तळाला कायमची चिकटते, तेव्हा दोघेही रसायनाच्या जाणकाराकडे धाव घेतात. माझ्या पहिल्या वेफरवरच्या (चिप जिच्यावर घडवतात त्या सिलिकॉनच्या चकतीवरच्या) बहुतेक पट्ट्या अशाच वाया गेल्या होत्या.

म्हणून पदवीला मेकॅनिकल, इन्स्ट्रुमेंटेशन, इलेक्ट्रॉनिक्स किंवा भौतिकशास्त्र यांपैकी ज्यात मनापासून गोडी असेल तेच घ्यावे, गणित पक्के करावे आणि मेम्सचे विशेष शिक्षण एम.टेक.साठी राखावे. (मेकॅनिकलला हल्ली नाके मुरडली जातात, त्याचे मला वाईट वाटते.) क्लीनरूम, म्हणजे चिप बनवण्याची धूळमुक्त प्रयोगशाळा, बहुतेक महाविद्यालयांत नसते, पण आयआयटी मुंबई आणि बंगळूरुच्या आयआयएससीमधील सुविधा ‘इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युझर्स प्रोग्राम’मुळे बाहेरच्या संशोधकांना वापरता आल्या आहेत, हे पुष्कळ प्राध्यापकांनाही माहीत नसते.

दुसऱ्या शाखेचे विषय ‘मायनर’ म्हणून घेण्याची सोय आता अनेक ठिकाणी कागदावर आहे. मेकॅनिकलच्या विद्यार्थिनीला सर्किटचा विषय खरोखर घेता येतो की वेळापत्रक आडवे येते, एवढे मात्र पालकांनी शुल्क भरण्यापूर्वी विभागप्रमुखांना भेटून विचारून घ्यावे.

– एक निवृत्त प्राध्यापक, पुणे