वैमानिकाचे आजारपण आणि हजेरीचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विमान रद्द झाले किंवा काही तास उशिरा सुटले की वैमानिक ऐनवेळी आजारी पडल्याचे कारण पुढे येते, आणि त्यापाठोपाठ वैमानिकांच्या बेजबाबदारपणाबद्दल नाराजीही व्यक्त होते. मी अनेक वर्षे प्रवासी विमाने चालवते आहे. आजारी असल्याचे कळवणे ही साधी गोष्ट आमच्या व्यवसायात किती अवघड होऊन बसली आहे, याची व्यवसायाबाहेरच्या वाचकांना सहसा कल्पना नसते. म्हणून हे पत्र.

प्रकृती ठीक नसताना विमान न चालवणे हे वैमानिकावरचे कायदेशीर बंधन आहे. १९४४ च्या शिकागो करारातून उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे इकाओच्या, नियमावलीतील पहिल्याच परिशिष्टात ते नमूद आहे: काम सुरक्षितपणे करता येणार नाही असा बिघाड आपल्या प्रकृतीत झाला आहे हे ठाऊक असताना परवानाधारकाने परवान्याचा वापर करू नये. आमची वैद्यकीय तपासणी साधारणपणे वर्षातून एकदा होते, साठीनंतर दर सहा महिन्यांनी. मधल्या सगळ्या दिवसांत आपण उड्डाणास योग्य आहोत की नाही, याचा निवाडा ज्याचा त्यानेच करायचा असतो. अमेरिकेत तर उड्डाणाआधी आपण कामासाठी तंदुरुस्त असल्याचे वैमानिकाला नोंदवून द्यावे लागते. कायद्याने ज्याच्या शब्दावर एवढा भरवसा ठेवला, त्याने ‘आज मी योग्य नाही’ असे प्रामाणिकपणे सांगताच कंपनीने त्याच्याकडे संशयाने पाहावे, ही विसंगती मला अस्वस्थ करते, आणि माझी सारी तक्रार तिच्याबद्दलच आहे.

साध्या सर्दीचेच उदाहरण घेते, कारण ‘सर्दीसाठी कोणी रजा घेते का’ हा प्रश्न आम्हाला वारंवार ऐकावा लागतो. विमान उंचावर असताना केबिनमधला दाब जमिनीवरच्यासारखा नसतो. तो सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तितका असतो, आणि आठ हजार फुटांवर तो समुद्रसपाटीच्या दाबाच्या सुमारे तीन चतुर्थांशच उरतो. विमान वर जाताना मधल्या कानातली हवा प्रसरण पावते आणि घशाकडे उघडणाऱ्या नळीवाटे सहज बाहेर पडते. उतरताना मात्र तीच हवा पुन्हा आत शिरावी लागते, आणि सर्दीने सुजलेली नळी ती आत येऊ देत नाही. त्यामुळे उड्डाण करताना काहीच जाणवत नाही आणि दुखणे उफाळून येते ते विमान खाली येऊ लागल्यावर, म्हणजे वेग कमी करणे, नियंत्रण कक्षाशी बोलणे, ढगांतून धावपट्टीच्या रेषेत येणे, अशी सगळी कामे एकदम अंगावर आलेली असतात तेव्हा. कानात सुरी खुपसल्यासारखी वेदना होते, पडदा फाटू शकतो, आणि दोन्ही कानांतला दाब सारखा राहिला नाही तर अचानक गरगरल्यासारखे होते. डोळ्यांसमोरची उपकरणे विमान सरळ असल्याचे सांगत असतात आणि शरीर ते कलले असल्याचे सांगत असते. प्रवाशाला असे झाले तर त्याने डोळे मिटून घ्यावेत. वैमानिकाला ती मुभा नाही.

मग एखादी गोळी घेऊन कामावर का जाऊ नये? कारण सर्दीवरच्या पुष्कळशा औषधांनी झोप येते. डायफेनहायड्रामिन हे दुकानात सहज मिळणारे औषध घेतले तर शेवटच्या गोळीनंतर साठ तास विमान चालवू नये, असे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचे सांगणे आहे. दोन दिवसांच्या दुखण्याला आमच्याकडे चार-पाच दिवस लागतात ते यामुळे. कार्यालयात काम करणारा माणूस गोळी घेऊन, जरा सुस्तावून का होईना, दिवस ढकलू शकतो, आणि त्याची दुपार तशी गेल्याने कोणाचे फारसे बिघडत नाही. वैमानिकाच्या रजेचे दिवस मोजणाऱ्याने हा फरक लक्षात घ्यायला हवा. पण बहुतेक ठिकाणी दिवस मोजणारी यंत्रणा हजेरीची असते, आरोग्याची नसते.

आता प्रत्यक्षात काय होते ते सांगते. पहाटेची ड्यूटी असते, मध्यरात्रीनंतर पोटात कळा येऊन जाग येते, आणि क्रू शेड्युलिंगला, म्हणजे कोणी कोणते विमान चालवायचे हे ठरवणाऱ्या विभागाला, फोन करायचा असतो. तिकडचा माणूस काही वाईट नसतो. त्याच्यासमोर भोके पडलेले रोस्टर, म्हणजे ड्यूट्यांचे वेळापत्रक, असते आणि स्टँडबायवरचे, म्हणजे राखीव ठेवलेले, दोन वैमानिक आधीच वापरून झालेले असतात. तो विचारतो, “नक्की काय होतंय मॅडम?” मग विचारतो, “दुपारच्या उड्डाणापर्यंत बरं वाटेल का?” आणि फोन ठेवण्यापूर्वी आठवण करून देतो की या तिमाहीतली ही दुसरी वेळ आहे. यातला एकही प्रश्न उद्धटपणे विचारलेला नसतो, तरी अंथरुणात बसून उत्तरे देणाऱ्याला आपण काहीतरी चोरी करतो आहोत असे वाटू लागते. पुढे पहिल्याच दिवसापासून वैद्यकीय प्रमाणपत्र मागितले जाते, म्हणजे ज्याने झोपून राहायला हवे त्याने दवाखान्याच्या रांगेत बसायचे. पगाराचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर अवलंबून असेल, तर न उडालेल्या तासांचे पैसे जातात. काही कंपन्यांत ठरावीक वेळांपेक्षा जास्त आजारपण झाले की समज देणारे पत्र येते, आणि कॅप्टनपदाच्या बढतीच्या वेळी तेच पत्र पुन्हा टेबलावर येते.

एवढे सगळे करून आजारपण कमी होते असे कोणाला वाटत असेल, तर माझा अनुभव वेगळा आहे. आजारपण तेवढेच राहते. ते कळवायला फक्त उशीर होतो. रात्री आठ वाजता अंगात कणकण जाणवली की खरे तर लगेच फोन करायला हवा, म्हणजे बदली वैमानिकाला पुरेशी झोप घेऊन यायला वेळ मिळेल. पण नोंद टाळायची असल्यामुळे माणूस सकाळपर्यंत वाट पाहतो, उतरेल उतरेल म्हणतो, आणि विमानतळाकडे निघण्याच्या वेळी नाइलाजाने कळवतो. प्रवाशांना ज्या ऐनवेळच्या आजारपणाचा राग येतो, त्यातले कितीतरी असे तयार होते. काही जण तर कळवतच नाहीत आणि येतात. कॉकपिटची जागा ती केवढी, तिथे शेजारी बसलेल्या सहवैमानिकाला तोच ताप दोन दिवसांनी येतो आणि कंपनीच्या हिशेबात एकाऐवजी दोघे कमी होतात.

१२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत न्यूअर्कहून बफेलोला निघालेले कोलगन एअरचे विमान धावपट्टीजवळ येत असताना कोसळले आणि जमिनीवरच्या एका व्यक्तीसह ५० जण मृत्युमुखी पडले. त्या विमानातील सहवैमानिक आजारी होत्या. त्या रात्रभर दुसऱ्या विमानांतून प्रवास करून देशाच्या पार दुसऱ्या टोकाहून कामावर पोहोचल्या होत्या, आणि घरी असताना इतके बरे नसते तर आपण आलोच नसतो, पण आता आजारी असल्याचे कळवले तर हॉटेलचा खर्च स्वतःच करावा लागेल, असे त्यांचे बोलणे कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात आहे. अपघाताचे कारण म्हणून चौकशीत ठरले ते वेग कमी झाल्याचा इशारा मिळाल्यावर कॅप्टनने केलेली चुकीची कृती. सहवैमानिकांच्या आजारपणावर तो ठपका नाही, आणि मीही तो ठेवत नाही. परंतु दोघांची कामगिरी थकव्यामुळे खालावली असावी, असे त्याच चौकशीत म्हटले आहे. परगावी आजारी पडलेल्या वैमानिकाने हॉटेलच्या बिलाचा विचार करावा आणि मग उड्डाणाचा निर्णय घ्यावा, ही व्यवस्था त्या दिवशी अस्तित्वात होती. अनेकांच्या बाबतीत ती अजूनही आहे. कान बंद असताना वैमानिकाला प्रवासी म्हणूनही घरी परतता येत नाही, हे त्यात आणखी.

थकव्याचेही तसेच. या अपघातानंतर अमेरिकेत विश्रांतीचे नियम कडक झाले आणि २०१४ पासून ड्यूटीपूर्वी किमान दहा तासांची विश्रांती सक्तीची झाली. तरीही २०२२ साली युरोपातील एका स्वस्त विमानसेवेच्या प्रमुखाने कर्मचाऱ्यांसमोर बोलताना, थकलेले तर आपण सगळेच असतो, कधी कधी थोडे जास्त करावे लागते, अशा अर्थाचे उद्गार काढले आणि वैमानिकांच्या संघटनांनी त्याला जाहीर हरकत घेतली. अशा वाक्यांचे परिणाम परिपत्रकांपेक्षा खोल जातात, कारण रात्री फोन हातात घेतलेल्या वैमानिकाला नियमाचे कलम आठवत नाही, साहेबांचे बोलणे आठवते.

सर्वांत कठीण आहे ते मनाचे दुखणे. पोट बिघडले हे तरी सांगता येते; आठवडाभर झोप लागत नाही, घरात मृत्यू झाल्यापासून लक्ष लागत नाही, हे सांगितले तर परवानाच जाईल, ही भीती आमच्यात खोलवर रुजली आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका निनावी पाहणीत नैराश्याबद्दलच्या प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या वैमानिकांपैकी १२.६ टक्के जण त्याच्या निकषात बसत होते. नावे विचारली असती तर तेवढ्यांनी खरे सांगितले असते असे मला वाटत नाही. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्ज या जर्मन विमान कंपनीच्या सहवैमानिकाने विमान आल्प्सच्या डोंगरावर आदळवले आणि विमानातील सर्व १५० जण गेले. त्याला डॉक्टरांनी कामास अयोग्य ठरवले होते आणि ते त्याने कंपनीपासून लपवले होते. त्याच्या कृत्याचे समर्थन कोणीच करणार नाही. पण आजार लपवण्याच्या प्रवृत्तीवर आणखी धाक हा उपाय नाही, एवढे युरोपने त्यानंतर ओळखले आणि फेब्रुवारी २०२१ पासून विमान कंपन्यांना वैमानिकांसाठी सहकाऱ्यांमार्फत आधार देणारी गोपनीय व्यवस्था सक्तीची केली. हे योग्य दिशेचे पाऊल आहे, पण कामावर न येण्याची नोंद शेवटी रोस्टरवरच होणार असेल, तर तिथपर्यंत जाण्याचे धाडस फार थोड्यांना होईल.

दुसरी बाजूही लपवण्यासारखी नाही. सुट्टीच्या दिवशी नेमके आजारी पडणारे आमच्यात आहेत, आणि मागण्यांसाठी सामूहिक आजारपणाचे हत्यार उपसले गेल्याचीही उदाहरणे आहेत. ऑक्टोबर २०१६ मध्ये जर्मनीत टुइफ्लाय या विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी मोठ्या संख्येने एकाच वेळी आजारी असल्याचे कळवले आणि उड्डाणे रद्द करावी लागली. अशा प्रकारांनी खऱ्या आजारी सहकाऱ्याचे जे नुकसान होते ते कोणत्याही व्यवस्थापनाने केलेल्या नुकसानाइतकेच मोठे आहे, असे मी आमच्या बैठकांतही सांगत आले आहे. मतभेद असतील तर संप करावा, तो संप म्हणून करावा. पण थोड्यांच्या लबाडीसाठी प्रत्येक फोनला संशयित मानायचे, हा मार्ग विमानातल्या प्रवाशांना परवडणारा नाही.

माझी अपेक्षा फार मोठी नाही. आजारपण कळवण्याचा फोन शेड्युलिंगने फक्त ‘उपलब्ध नाही’ एवढ्याच नोंदीने घ्यावा आणि कारण विचारण्याचा अधिकार कंपनीच्या वैद्यकीय विभागाकडेच असावा. रोस्टरवर आधीच लागलेल्या उड्डाणांचा भत्ता आजारपणामुळे कापू नये. परगावी आजारी पडलेल्याचा मुक्काम कंपनीच्या खर्चाने व्हावा. बढतीच्या कागदांत आजारपणाच्या दिवसांना स्थान नसावे. कोणाच्या रजेत खरोखरच संशयास्पद क्रम दिसला तर डॉक्टरांनी त्याच्याशी बोलावे. यासाठी स्टँडबायवर आजच्यापेक्षा जास्त वैमानिक ठेवावे लागतील आणि त्याला पैसे लागतील, हे मला मान्य आहे. नियामक संस्थांनी तेवढी संख्या कंपन्यांच्या मर्जीवर न सोडता परवान्याच्या अटींत घालावी. आणि विमानतळावर ‘परिचालनाच्या कारणास्तव विलंब’ अशी मोघम घोषणा करण्याऐवजी, वैमानिक आजारी असल्याने दुसऱ्या वैमानिकाला बोलावले आहे, असे कंपन्यांनी प्रवाशांना सरळ सांगावे.

आपली नम्र,
एक प्रवासी विमानचालक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)