संज्याला पत्र: तांब्याचा टोप आणि आमचं पोरगं

कोल्हापूर

प्रिय संज्या,

मी बरा. बीपीची गोळी चालू आहे, बाकी झकास. फोनवर हे धड सांगता येईना म्हणून कागद घेतला.

थोरला यंदा दहावीला. उष्णतेच्या धड्यात तो तक्ता असतो बघ, एक ग्रॅम वस्तू एक अंश सेल्सिअसने तापवायला किती कॅलरी लागतात त्याचा. त्यालाच विशिष्ट उष्माधारकता म्हणतात. पाणी १, अॅल्युमिनियम ०.२१५, लोखंड ०.११, तांबं ०.०९५. यानं वर्गात विचारलं, अॅल्युमिनियमला तांब्याच्या दुपटीवर का लागतात? सर म्हणाले, "त्याची विशिष्ट उष्माधारकता जास्त म्हणून." हा म्हणाला, "तीच का जास्त, ते विचारतोय सर." वर्ग हसला, हा तास संपेपर्यंत उभा. तुलाही असंच उभं केलं होतं, पण तू निदान रंकाळ्यावर जाऊन भेळ तरी हाणलीस. हा नुसता गप्प झालाय.

रात्री त्याला घेऊन बसलो. म्हटलं, ग्रॅम सोड, अणू मोज. अॅल्युमिनियमचा अणुभार, म्हणजे अणू किती जड तो आकडा, २७, तांब्याचा ६३.५. त्यानं तक्त्यातल्या आकड्यांना गुणून बघ: ५.८ आणि ६ येतात. लोखंडाला ५६ने गुणलं तरी ६च्या आसपास. म्हणजे अणूमागं उष्णता जवळपास तेवढीच. हलके अणू एका ग्रॅमात जास्त मावतात, झालं. ड्युलाँ आणि पेती या फ्रेंच जोडीनं हे १८१९ सालीच दाखवलं. हिरा मात्र जुमानत नाही, त्याचा गुणाकार दीडच्या आसपासच अडकतो. त्याचा उलगडा आइन्स्टाइननं १९०७ साली केला. पाण्याची तऱ्हाच निराळी, रेणू एकमेकांना धरून असतात आणि बरीच उष्णता ती पकड सैल करण्यातच जाते.

एरवी पोरगं उड्या मारलं असतं. आता म्हणतं, "पप्पा, हे परीक्षेत येत नाही." मर्दा, झोप उडाली माझी. मार्क कमी पडले तर बघू, पण ह्याचं विचारणंच बंद पडलं तर? शाळेत जाऊन बोलावं म्हटलं, तर ही म्हणते, अजून वर्ष काढायचंय त्याला तिथं.

राधानगरीच्या सहलीतलं आपलं भांडणही त्या रात्री मिटलं, तुला न विचारता. अॅल्युमिनियमचा टोप आधी तापतो म्हणून तू तक्ता खोटा ठरवलास. मी वजन धरून बोलत होतो, तू टोप धरून. तांबं तिपटीहून जड, म्हणून तेवढ्याच मापाच्या, तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या टोपाला उष्णता जास्तच लागते. तूही खरा, तक्ताही खरा. पांढरा रस्सा करपला त्याला मात्र कुठलाच नियम नव्हता, ती तुझीच कर्तबगारी.

दिवाळीला आलास की त्याच्याशी बोल. बापाचं ऐकायचं वय नाही ते, तुझं ऐकेल.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? काकूंचा गुडघा? कळव.

तुझा,
बाळ्या