रक्त नेता, तर घरात कोण कशानं गेलं तेही विचारा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

केळापूर तालुक्यातल्या आश्रमशाळेत मी २७ वर्षं विज्ञान शिकवलं. माझा एक कोलाम आदिवासी विद्यार्थी, वय ३१, गेल्या वेचणीत पऱ्हाटीत मटकन खाली बसला. कापसानं भरलेली ओटी तशीच कमरेला. दम लागतो, पाय सुजतात, रात्री आडवं होता येत नाही, हे तो महिनाभर सांगत होता. पहिल्या दवाखान्यानं कागदावर ‘दारूमुळे’ असं लिहिलं. या पोरानं दारूला कधी तोंड लावलेलं नाही, अख्खं पोड, म्हणजे कोलामांची वस्ती, सांगेल. थोरला भाऊ सहा वर्षांपूर्वी असाच दम लागून गेला, ते तर कोणी विचारलंही नाही.

नागपूरला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला तेव्हा कळलं, हृदय मोठं झालंय. तिथल्या डॉक्टर बाईंनी बहिणीचाही इको करायला लावला. तिचंही हृदय वाढलेलं निघालं. तिला तोवर कसलाच त्रास नव्हता.

हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतले कुमारसामी थंगराज आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवलं की एमवायबीपीसी३ या जनुकातला डीएनएच्या २५ अक्षरांचा तुकडा गळालेला असेल, तर हृदयाच्या स्नायूंच्या आजाराचा धोका वाढतो. भारतीय उपखंडात सुमारे ४ टक्के लोकांत हा बदल आहे. तो असलेला प्रत्येक जण आजारी पडतो असं मुळीच नाही. माझ्या विद्यार्थ्यात तोच आहे असंही मी म्हणत नाही, त्याची जनुकीय तपासणीच झालेली नाही. पण नुसत्या युरोपीय लोकांचं रक्त तपासत बसलं असतं, तर हा बदल कुणाच्या हाती लागला नसता. मेक्सिकोतही तसंच झालं. चांगलं कोलेस्टेरॉल कमी करणारा एबीसीए१ जनुकातला बदल सापडला तो तिथल्या मूळनिवासी आणि मिश्रवंशी लोकांत.

आणि आमच्याकडे? कोलाम, गोंड, माडिया, कोरकू. लहान समाज, सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्या आपल्यातच. अशा ठिकाणी एरवी दुर्मीळ असलेला बदलही दाट होऊन बसू शकतो. जीनोम इंडिया प्रकल्पात देशभरातल्या सुमारे १० हजार लोकांचे जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, वाचले गेले, त्याचा मला आनंदच आहे. पण ती माहिती फरिदाबादला ठेवलेली, आणि पोडावरून इकोसाठी नागपूरला जायचं तर एका दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडं वेगळं.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी जुलै २०२३ पासून निर्मूलन अभियान सुरू आहे. त्यासाठी पोडावर बोटातून रक्त घेतलं जातं, कार्ड मिळतं. त्याच फेरीत आशाताईंनी एक प्रश्न विचारावा: घरात कोणी पन्नाशीच्या आत हृदयानं किंवा दम लागून गेलं का? ‘हो’ म्हणणाऱ्या घरातल्या सगळ्या भावंडांचा इको तालुक्याच्या ठिकाणी फुकट व्हावा, त्यासाठी महिन्यातला एक दिवस नेमून द्यावा. आणि अभ्यासासाठी ज्यांचं रक्त नेलं, त्यांना त्यातून काय निघालं ते कोलामीत, गोंडीत समजावून सांगायला कोणीतरी परत यावं.

विद्यार्थी आता गोळ्यांवर आहे. यंदा वेचणीला त्याची बहीण जायचं म्हणते. तिला जाऊ द्यावं की नको, हे विचारायला तिची आई परवा माझ्याकडे आली होती.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
ता. केळापूर, जि. यवतमाळ