बाबांच्या एमआरआयआधीचा सराव

ती. आई-बाबांना सा. न.

एमआरआयच्या बोगद्यासारख्या मशीनची भीती कमी व्हावी म्हणून समुपदेशक बाईंनी सांगितलेला सराव म्हणजे 'डोळे मिटून पडायचं, त्यात काय' असं बाबांना वाटतंय, म्हणून सविस्तर लिहितेय.

बाबा, आधी स्नायू. एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरांनी १९२९ च्या पुस्तकात मांडलेली ही पद्धत. मूठ ५-७ सेकंद आवळा, जोर निम्माच. मग एकदम सोडा आणि २०-३० सेकंद हात कसा जड होतो तेवढंच बघा. मेख या सोडण्यात आहे, आवळण्यात नाही. मग कपाळ, जबडा, खांदे, पोट, पाय. श्वास कोंडू नका, तुमचं बीपी आहे. चवडे अंगाकडे ओढा; खाली ताणलेत तर पोटरीत गोळा येतो. दुखरा गुडघा सोडून द्या. दर वेळी श्वास सोडताना मनात 'सैल' म्हणा.

जेवणानंतर नको, झोप लागेल. खुर्चीत बसून रोज १५-२० मिनिटं.

मग मनातलं चित्र. सरावाच्या रेकॉर्डिंगमधला समुद्रकिनारा तुमच्या कामाचा नाही, तुम्हाला पाण्याची धास्ती. आपली पडवी घ्या: झोपाळ्याच्या कड्यांची करकर, तळव्यांना लागणारी गार फरशी. डोळ्यांसमोर काही येत नसेल तर नुसती करकर ऐका, तेवढ्यानंही भागतं.

आई, पुढचं तुझ्याकडे. जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञांची ही युक्ती: भीतीची एकेक पायरी सैल अंगानं चढायची. बाबा सैलावले की एकेक पायरी वाच: बाकावर बसलोय; अंगठी, कवळी काढली; टेबलावर पाठ टेकली; टेबल आत सरकतंय; छत नाकासमोर आलं. भीतीला ० ते १०० गुण. तिशी ओलांडली की बाबांनी बोट उचलायचं, तू थांबायचं, परत झोपाळ्यावर. एक पायरी लागोपाठ दोनदा निवांत गेली तरच पुढची. घाई केलीस तर भीतीच पक्की होईल.

क्वचित सैलावतानाच छाती धडधडते. तसं झालं तर डोळे उघडा, पावलं जमिनीवर टेकवा आणि बाईंना कळवा.

प्रत्यक्ष मशीनमध्ये मात्र काहीच आवळायचं नाही. हललात की प्रतिमा धूसर येते, पुन्हा काढावी लागते. तिथे फक्त 'सैल' आणि झोपाळा. मशीनच्या ठोकाठोकीशी भांडू नका, शेजारची पिठाची गिरणी सुरू झालीय समजा. हातात रबरी फुगा देतील, तो दाबला की बाहेरचे कर्मचारी तुमच्याशी बोलतात. तरीही जमलं नाही तर सौम्य गुंगीचं औषध मिळतं का ते आधीच विचारून ठेवा, त्यात लाज कसली?

आणि आई, पायऱ्या वाचताना शाळेतला आवाज लावू नकोस.

तुमची,
छोटी