आईच्या नव्या औषधाविषयी

ती. आई-बाबांस,
सा. न.

सोमवारी आईला लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन या कॅन्सरवरच्या औषधाचं पहिलं सलाईन लागेल. औषध जुनंच आहे, फक्त ते चरबीच्या 80 ते 100 नॅनोमीटरच्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, पिशव्यांत (लायपोसोममध्ये) भरलेलं आहे. पिशवीची भिंत सोयाबीनच्या फॉस्फोलिपिड नावाच्या चरबीची आणि कोलेस्टेरॉलची असते. (बाबा, काळजी नको. एका डोसमधलं कोलेस्टेरॉल एका अंड्यापेक्षाही कमी.) आत अमोनियम सल्फेट असतं. त्यामुळे आत शिरलेल्या औषधाचे स्फटिक होतात आणि ते सहज बाहेर पडत नाही. बाहेरून पीईजीचा (पॉलिइथिलीन ग्लायकॉल या रसायनाचा) थर असल्यानं शरीर या पिशव्यांना लवकर हटवत नाही, त्या कित्येक दिवस रक्तात फिरतात.

गाठीच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, म्हणून तिथे त्या जास्त झिरपतात. पण सगळं औषध गाठीतच जातं असं मात्र समजू नका. बराच भाग यकृत आणि प्लीहेत जातो. खरा फायदा हृदयाला: तिथल्या रक्तवाहिन्या घट्ट असल्यानं त्रास कमी होतो. तरी डॉक्टर सांगतील तेव्हा इको (हृदयाची सोनोग्राफी) चुकवायचा नाही.

बाबा, भारतीय कंपनीचं चालेल का, असं तुम्ही विचारलंत. अमेरिकेत 2012 मध्ये या औषधाचा तुटवडा पडला तेव्हा त्यांनी सन फार्माचंच मागवलं, आणि 2013 मध्ये त्याला रीतसर मान्यताही दिली. तुम्ही एवढंच पाहा: कुपीवर ‘लायपोसोमल’ लिहिलेलं हवं. साधं डॉक्सोरुबिसिन वेगळं, त्याचा डोसही वेगळा, अदलाबदल धोक्याची. घरी आणायला सांगितलं तर बर्फपेटीतून आणा, 2 ते 8 अंशांत ठेवा, फ्रीजरमध्ये अजिबात नाही. गोठलं तर पिशव्या बिघडू शकतात.

ते 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळतात, मिठाच्या सलाईनमध्ये नाही, आणि फिल्टर लावत नाहीत. सुरुवात मिनिटाला 1 मिलिग्रॅमने, सावकाश. आई, पहिल्या काही मिनिटांत चेहरा लाल झाला, छाती आवळली, पाठ दुखली किंवा दम लागला, तर संकोच न करता लगेच सिस्टरना सांग. बहुधा सलाईन थांबवून पुढे हळू चालवलं की हे ओसरतं. लघवी एक-दोन दिवस लालसर होईल, ते औषधाचा रंग आहे.

सगळ्यात जास्त जपायचं ते तळहात-तळपाय. दाब आणि उष्णतेच्या जागी हे औषध त्वचेत झिरपतं. दोन-तीन डोसांनंतर लाली, जळजळ, पुढे फोडही येतात. म्हणून सलाईननंतर आठवडाभर भाकरी थापणं, कपडे पिळणं, गरम भांडी धरणं बंद. अंघोळ कोमट पाण्यानं, चपला सैल, मलम हलक्या हातानं, चोळून नाही. मुंग्या आल्या किंवा हात लाल झाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करा. डॉक्टर डोस पुढे ढकलतात किंवा कमी करतात, आणि तसं केल्यानंच उपचार पुढे चालू ठेवता येतात. सहन करत बसू नकोस, आई.

तोंड आलं तर तिखट बंद, मिठाच्या पाण्यानं गुळण्या. ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटल. आधी क्रोसिन देऊन वाट पाहायची नाही. बाबा, थर्मामीटरचा सेल आजच बदला.

तुमची लेक