पैसे पाठवू नका

लीड्स

ती. बाबांना
सा. न. वि. वि.

परवा फोनवर अर्धंच बोलणं झालं आणि तुम्ही लगेच "किती पाठवू?" म्हणालात, म्हणून सविस्तर लिहितेय. काही पाठवू नका. लॅपटॉप गेलाय हे खरं, पण नवा घ्यावा लागेल असं दिसत नाही.

वॉरंटी संपून महिनाही उलटला नव्हता. रात्री बंद करून ठेवला तेव्हा धडधाकट होता, सकाळी बटण दाबलं तर काहीच नाही. पंख्याचा आवाजसुद्धा नाही. चार्जर लावला की बाजूचा दिवा एकदा लुकलुकायचा आणि विझायचा. मैत्रिणीचा तेवढ्याच वॅटचा चार्जर लावून पाहिला. चार्जर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. त्याने आत अडकलेला चार्ज निघून जातो आणि कधीकधी मशीन उठतं. हे ढिम्म हललं नाही.

मला घोर होता तो प्रबंधाचा. दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण उघडून फायली साठवणारी एसएसडी काढून दिली. च्युइंगमच्या पट्टीएवढी असते हो ती! यूएसबीच्या डबीत घालून मैत्रिणीच्या लॅपटॉपला जोडली, तर फायली कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या बिटलॉकरने 48 आकडी रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडायची किल्ली, मागितली. नशीब, ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात होती. सगळ्या फायली उतरवून घेतल्या. काही लॅपटॉपमध्ये एसएसडी मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य सर्किटच्या पाटीवरच, पक्की बसवलेली असते, तिथे हाही मार्ग बंद.

मग दुकान. उत्तर ठरलेलं: वॉरंटी संपली, कंपनीशी बोला. हे ऐकून बहुतेक लोक मुकाट परत फिरतात आणि दुकानांना तेच हवं असतं, असं माझं स्पष्ट मत झालंय. वॉरंटी म्हणजे कंपनीने स्वतःहून दिलेला शब्द. कायद्याची जबाबदारी वेगळी, आणि ती कंपनीची नाही, विकणाऱ्याची. इथल्या 2015 च्या कन्झ्युमर राइट्स अ‍ॅक्टप्रमाणे माल वाजवी काळ टिकायला हवा, आणि इंग्लंडमध्ये दाव्यासाठी 6 वर्षांची मुदत असते. म्हणजे 6 वर्षं काहीही बिघडो, फुकट दुरुस्ती, असं मात्र नाही. पहिल्या 6 महिन्यांत बिघाड झाला तर दोष मुळातच होता असं धरतात. त्यानंतर ते आपण सिद्ध करायचं. खरी मेख इथे आहे.

म्हणून त्याच दुरुस्तीवाल्याकडून लेखी घेतलं: चार्जिंगच्या सर्किटमधला एक भाग शॉर्ट झालाय, पाणी सांडल्याची खूण नाही, आपटल्याचा पोचा नाही. ते जोडून दुकानाला पत्र दिलं, तोंडी काही बोललेच नाही. खरेदी क्रेडिट कार्डावरची, हेही त्यात लिहिलं. 1974 च्या कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टच्या कलम 75 नुसार 100 पौंडांहून महाग आणि 30,000 पौंडांपर्यंतच्या वस्तूसाठी कार्ड देणारी बँकही दुकानाइतकीच बांधील असते. बँकेचं नाव आल्यावर मॅनेजरसाहेबांचा सूर बदलला! आता मशीन त्यांच्या खर्चाने दुरुस्तीला गेलंय. तपासणीच्या फीचं घोंगडं अजून भिजत पडलंय, तीही सोडणार नाही. दुरुस्ती जमली नाही तर पैसे परत मागेन. वापरल्याबद्दल थोडे कापतील, ते मान्य आहे.

वाढीव वॉरंटी का घेतली नाहीस, हा तुमचा प्रश्न मला इथवर ऐकू येतोय. कायद्याने जे आहेच त्यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी पुन्हा पैसे कशाला मोजायचे?

तोवर विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या संगणकावर काम चाललंय, आईला सांगा काळजी करू नको. आणि दादाला म्हणावं, त्याच्या लॅपटॉपच्या बिलाचा आजच फोटो काढून ठेव. त्या गुळगुळीत कागदावरची छपाई हळूहळू उडून जाते.

तुमची लेक