गोलमागचा माणूस उठवलात, कॅमेरा कुठे आहे? क्रीडामंत्र्यांना खुलं पत्र

मा. क्रीडामंत्री महोदय,

सविनय नमस्कार. आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून थेट विषयाला हात घालतो.

या हिवाळ्यात लडाखमधल्या एका आइस हॉकी स्पर्धेत दोन्ही गोलांमागच्या गोल जजच्या खुर्च्या उचलण्यात आल्या. कारण सांगितलं गेलं की आता तंत्रज्ञान येणार आहे. आयोजकांचं नाव घेत नाही, कारण हे एकट्या त्यांचं दुखणं नाही. तंत्रज्ञान आलं ते काचेच्या वरच्या कडेला चिकटपट्टीने बांधलेल्या एका मोबाइलच्या रूपात. संध्याकाळच्या सामन्यात पक, म्हणजे या खेळातली रबराची चकती, गोलच्या आतल्या दांड्यावर आदळून बाहेर आला. दिवा लागला नाही, कारण दिवाच नव्हता. एकुलता एक रेफ्री अजून गोलपासून दूर, निळ्या रेषेवर होता. मोबाइलच्या चित्रात एका फ्रेममध्ये पक गोलच्या पुढे, मधल्या फ्रेममध्ये हातभर लांबीचा करडा डाग आणि तिसऱ्या फ्रेममध्ये पक पुन्हा गोलच्या पुढे. गोल नाकारला गेला. हंगामाआधी वरून पाहणारे दोन कॅमेरे आणि लाल-हिरवे दिवे देण्याचा शब्द मिळाला होता. तोही लेखी, हे विशेष.

गोल जज नेमकं काय करतो, हे आपल्या कार्यालयात कुणाला ठाऊक असेल असं गृहीत धरत नाही. तो गोलमागे काचेपलीकडे बसतो. पक दोन्ही खांबांच्या मधून, आडव्या दांड्याखालून, गोलरेषा पूर्ण ओलांडून गेला की बटण दाबतो आणि लाल दिवा लागतो. त्याचं काम इथे संपतं. पक पायाने ढकलला, काठी आडव्या दांड्याच्या उंचीपेक्षा वर होती, गोलकीपरला कुणी अडवलं, हे सगळं रेफ्रीने पाहायचं. शेवटचा शब्दही रेफ्रीचाच. गोल जज दोन्हींपैकी कुठल्याही संघाचा नसावा आणि सामना संपेपर्यंत त्याने गोल बदलू नये, एवढे साधे नियम. एकोणिसाव्या शतकात कॅनडात हा माणूस चक्क बर्फावर खांबांच्या मागे उभा राहायचा. तेव्हा जाळीही नव्हती, ती १९०० च्या आसपास आली.

हे काम जुनाट झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी थोडं गणित करावं. पक ७.६२ सेंटीमीटर व्यासाचा, गोलरेषा ५ सेंटीमीटर रुंद. आपल्याकडच्या चांगल्या फटक्याचा वेग ताशी १०८ किलोमीटर धरू, म्हणजे सेकंदाला ३० मीटर. मोबाइल सेकंदाला ३० फ्रेम टिपतो. दोन फ्रेमच्या मध्ये पक अख्खा एक मीटर गेलेला असतो. गोलची खोली तळाशी मीटरभर आणि वरच्या बाजूला त्याहून बरीच कमी. आत जाऊन दांड्याला लागून बाहेर येणारा पक त्या मोबाइलला जेमतेम एकदा दिसतो. त्यातही संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात मोबाइल आपणहून शटर मंद करतो, म्हणजे प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ उजेड घेतो. १/५० सेकंदाच्या शटरला पक ६० सेंटीमीटर फराटा होऊन उमटतो. त्या फराट्यावरून निकाल देणं म्हणजे कौल लावणं. निदान २४० फ्रेम हव्यात, तेव्हा दोन फ्रेममधलं अंतर साडेबारा सेंटीमीटरवर येतं. शटर १/१००० किंवा त्याहून जलद हवं, तेव्हा फराटा ३ सेंटीमीटरवर येतो. एवढ्या जलद शटरला उजेडही तितकाच लागतो, म्हणजे गोलच्या तोंडावर वेगळे दिवे आले. कॅमेरा खरेदीच्या कुठल्याही प्रस्तावात हे दिवे धरलेले असतात का, ते पाहून घ्यावं.

मग कॅमेरा बांधायचा कुठे? बरोबर रेषेच्या डोक्यावर, असं खरेदी समितीतला कुणीही सांगेल. तिथून फक्त आडवा दांडा दिसतो. दांडा ५ ते ६ सेंटीमीटर जाड, रेषा ५ सेंटीमीटर. दांड्याने रेषा झाकली. कॅमेरा बर्फापासून ६ मीटर उंच असेल तर तो जाळीच्या बाजूला साधारण ३० सेंटीमीटर सरकवावा लागतो, तेव्हा दांड्यामागून अख्खी रेषा दिसते. तरीही पक मीटरभर उंचीवर असताना तो खऱ्या जागेपेक्षा सुमारे ६ सेंटीमीटर मैदानाच्या बाजूला भासतो, म्हणजे झालेला गोल न झाल्यासारखा. शिवाय मध्ये वरची जाळी येते, ती बारीक दोऱ्याची घ्यावी लागते. मैदानाच्या बाजूने तिरपं पाहणाऱ्या कॅमेऱ्याची चूक नेमकी उलटी असते: पक हवेत असेल तर तो रेषेच्या आत गेल्यासारखा दिसतो. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगच्या २००४ च्या स्टॅनले कप अंतिम मालिकेतल्या सहाव्या सामन्यात कॅनडातल्या कॅलगरी संघाच्या मार्टिन जेलिनाच्या बुटाला लागून गेलेला पक आठवावा. टीव्हीच्या एका कोनातून तो आत दिसत होता. पण पक बर्फापासून वर असल्यामुळे त्या चित्रावरून काहीच सिद्ध होत नव्हतं. कॅलगरीत आजही लोक त्यावर भांडतात. एका कॅमेऱ्याने वाद मिटत नाही, त्याला पुरावा मिळतो, तोही दोन्ही बाजूंना.

आणि हे सगळं छत असलेल्या रिंकमध्ये. लेहचं एनडीएस स्टेडियम उघडं, गुपुक्सचा तलाव उघडा. कॅमेरा टांगणार कशाला? काचेमागे खांब रोवून त्यातून आडवा हात काढावा लागेल, आणि गोलरेषा मागच्या कठड्यापासून ४ मीटर आत असल्यामुळे तो हात ४ मीटरहून लांब हवा, तारांनी ताणलेला, नाहीतर दुपारचा वारा सुटला की चित्र झोके घेतं. उद्घाटनाच्या पुष्पवृष्टीचं चित्रण करायला ड्रोन वेळेवर येतो, साहेब. गोलवरच्या कॅमेऱ्याला मात्र खांब मिळत नाही.

परदेशात काय चालतं, हे बैठकांमध्ये अर्धवट ऐकवलं जातं, म्हणून पूर्ण सांगतो. एनएचएलने व्हिडिओ पाहून गोल ठरवायला १९९१-९२ च्या हंगामात सुरुवात केली. आपल्या माणसांना समजेल अशी खूण म्हणजे नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बनला सचिन तेंडुलकर टीव्ही पंचांनी धावबाद दिलेला पहिला फलंदाज ठरला, त्याच्या वर्षभर आधी. आज तिथले वादग्रस्त गोल टोरांटोमधल्या एका खोलीत बसून तपासले जातात. गोल जज काचेमागून वर हलवले गेले हे खरं, पण ते हलले त्यात महागडी तिकिटं विकण्याच्या त्या जागांचाही मोठा वाटा होता. आंतरराष्ट्रीय महासंघाने पडद्यासमोर बसणाऱ्या माणसाला नाव दिलं तेही 'व्हिडिओ गोल जज' असंच. २०२१ पासून एनएचएलच्या पकमध्ये इन्फ्रारेड किरण सोडणारी यंत्रणा आहे, सेकंदाला ६० वेळा त्याची जागा नोंदवते. पहिल्याच महिन्यात ते पक नीट सरकेनात म्हणून काही काळ मागे घ्यावे लागले होते. आणि गोल झाला की नाही, हे त्या यंत्रणेवरून ठरवत नाहीत. ६० नोंदी म्हणजे आपल्या १०८ च्या फटक्याला दर अर्ध्या मीटरला एक ठिपका. आइस हॉकीतल्या सर्वांत श्रीमंत लीगला जे अजून पुरेसं वाटत नाही, ते आपल्याकडे चिकटपट्टीवर भागतं.

गोल जजला सगळं दिसतं, असा माझा दावा नाही. तो पकच्या वाटेच्या रेषेतच बसलेला असतो, त्यामुळे दोन-तीन सेंटीमीटरच्या खोलीचा अंदाज त्याला कठीण जातो. गोलकीपर पकवर झोपला की तोही आंधळा. पण पॅडखालच्या फटीतून निसटलेला पक, मागच्या दांड्याचा हादरा, जाळीला आतून बसलेला धक्का आणि बाहेरून बसलेला धक्का यांतला फरक, हे त्याला ४ मीटरवरून दिसतं आणि ऐकू येतं. वरच्या कॅमेऱ्याला गोलकीपरची पाठ दिसते. दोघं वेगवेगळ्या गोष्टी पाहतात, म्हणून दोघं लागतात. आणि जिथे कॅमेरा नाही, तिथे गोल जजचा दिवा हीच एकमेव नोंद. ती तुम्ही काढून घेतलीत.

दिव्याबद्दल थोडं विस्ताराने, कारण सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित वस्तू तीच आहे. लाल दिवा गोल जजच्या बटणाने लागतो. हिरवा दिवा घड्याळ शून्यावर आलं की लागतो, आणि तो लागला की लाल लागूच शकत नाही. त्यासाठी लाल दिव्याच्या वाटेत एक रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच, टाकतात, घड्याळाचा इशारा आला की तो लाल दिव्याचा मार्ग तोडतो. गोल वेळ संपण्याआधी झाला की नंतर, हा वाद संपतो. घड्याळ मात्र खरं चालायला हवं. १ फेब्रुवारी २०१२ ला लॉस एंजेलिसमध्ये घड्याळ १.८ सेकंदांवर सुमारे एक सेकंद अडकलं आणि कोलंबस संघाविरुद्ध यजमानांचा विजयी गोल शेवटच्या अर्ध्या सेकंदात झाला. कॅमेरे डझनभर होते.

आपल्याकडे जोडणी कशी फसते तेही लिहितो. रिंक ६० मीटर लांब, ३० मीटरपर्यंत रुंद. मध्यरेषेवरच्या वेळाधिकाऱ्यापासून गोलमागे कठड्याने जायला ४५ मीटर वायर, दोन बाजूंना ९० मीटर. १२ व्होल्टची एकच बॅटरी मध्ये ठेवून दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीतून २ अँपिअर ओढले की टोकाला दोन व्होल्ट कमी पोचतात आणि दिवा मिणमिणतो. म्हणून बॅटरी दिव्याजवळच ठेवायची, लांब वायरीतून फक्त इशारा न्यायचा. वायर नेहमीच्या पीव्हीसीची नको. कडाक्याच्या थंडीत ती ताठते आणि वाकवली की तडकते, रबराच्या आवरणाची घ्यावी. बटण मोठं हवं, जाड हातमोज्यातून दाबता येईल असं. बॅटरी थंडीत क्षमता गमावते, तिला थर्माकोलच्या खोक्यात ठेवावं. लेहमधला कुठलाही इलेक्ट्रिशियन हे जोडून देईल. त्याला निविदा लागत नाही, हीच बहुधा अडचण असावी.

गोलची चौकट बर्फात जखडणाऱ्या खुंट्यांचंही तेच. खुंटी सैल असेल तर गोलच जागेवर नसतो आणि मग कॅमेरा काय दाखवणार? सोची ऑलिंपिकमध्ये १५ फेब्रुवारी २०१४ ला अमेरिकेविरुद्ध रशियाचा गोल रद्द झाला, कारण गोलची चौकट जागेवरून सरकलेली होती. तलावाच्या बर्फात खुंटीच्या भोकात बर्फाचा भुसा साचतो, पाणी भरतं, गोठतं, खुंटी वर येते. दर विश्रांतीत भोकं साफ करून खोली तपासायला एक माणूस लागतो. लेहच्या ३,५०० मीटर उंचीवरच्या उन्हात लाल रंगाची रेषा आजूबाजूच्या बर्फाआधी तापते आणि तिच्यावरचा बर्फ विरतो, तेव्हा रेषेचीच धार जाते. दुपारच्या सामन्याआधी तीही पाहावी लागते. ही माणसंही खुर्च्यांबरोबरच 'अनावश्यक मनुष्यबळ' ठरली.

आणि माणसांचं काय? उणे दहा-पंधरा अंशांत गोलमागे बसणाऱ्याला शेकोटी नाही, डोक्यावर आडोसा नाही, काचेवर धरलेलं दव खरवडायला स्वतःच्या खिशातलं प्लॅस्टिकचं कार्ड. मानधन म्हणावं तर ते चहापाण्यात जातं, प्रवासखर्चाची बिलं पुढच्या बर्फापर्यंत फिरत राहतात. निकाल चुकला की मात्र नाव त्याचंच. कॅमेरा चुकला तर चौकशी समिती, गोल जज चुकला तर शिव्या. प्रशिक्षण म्हणून एक दिवसाचा वर्ग, त्यात निम्मा वेळ सत्कार. खेळाडूंचे फोटो सगळ्यांना हवे असतात. २०२५ च्या जूनमध्ये अमिरातीतल्या अल ऐनला भारताच्या मुलींनी आइस हॉकीच्या आशिया चषकाचं कांस्य आणलं तेव्हा अभिनंदनाच्या ट्वीटचा पाऊस पडला. त्या मुली ज्या बर्फावर शिकल्या, तिथे गोल झाला की नाही हे सांगायला माणूस ठेवायचं कुणाला सुचलं नाही.

मुळात रोग एका दिव्याचा नाही. आपल्या व्यवस्थेला वस्तू विकत घ्यायला आवडतं, ती चालवायला नाही. डेहराडूनची हिमाद्री रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी उभी राहिली, ८० कोटींचा आकडा वर्तमानपत्रांत छापून आला होता, आणि नंतर दशकाहून जास्त काळ तिला कुलूप. २०२५ मध्ये उघडली, आनंद आहे. मधल्या काळात जी मुलं वाढली, त्यांनी काय करायचं? महाराष्ट्रातली मुलं चाकांच्या स्केटवर शिकतात आणि बर्फ पाहायला परराज्यात जातात. क्रिकेटमध्ये आपण डीआरएसला वर्षानुवर्षं नाही म्हटलं, २०१६ मध्ये हो म्हटलं, पण त्यासाठी मैदानावरचे पंच घरी पाठवले नाहीत. हा शहाणपणा हॉकीच्या गोलपर्यंत यायला काय हवं, कुणी मोठा प्रायोजक?

मागणी फार नाही. दोन प्रशिक्षित गोल जज प्रत्येक सामन्याला, मानधनासह; दोन लाल आणि दोन हिरवे दिवे, रिलेसह; प्रत्येक गोलला २४० फ्रेमचे दोन कॅमेरे, एक वरून आणि एक आत जाळीच्या तळाशी, तिरपा वर पाहणारा; आणि ते चित्र पाहणारा तिसरा माणूस, ज्याला रेफ्रीशी थेट बोलता येईल. कॅमेरे येईपर्यंत खुर्च्या परत ठेवा. कॅमेरे आल्यावरही ठेवा.

आणि सही नोव्हेंबरच्या आत झाली तर बरं. त्यानंतर लेहच्या वाटेवरच्या झोजिला खिंडीत बर्फ पडायला लागतो, ट्रकचा भरवसा राहत नाही आणि बॅटऱ्या विमानात सहजासहजी चढवू देत नाहीत.

आपला,
गोलमागे बसणारा एक मराठी माणूस